साहेब, आपण कोण?

टाळेबंदी २५ मार्च २०२०पासून लागू झाली. त्याच्या आगेमागे हिंजवडी, खराडी, ऐरोली इथल्या कंपन्यांनी आपले संगणक कर्मचाऱ्यांच्या घरी पोचते केले. ज्यांना लॅपटॉप मिळाले नाहीत त्यांच्याकडे ऑफिसातला डेस्कटॉपच मॉनिटरसकट आला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला गेला. या घाईत एक सरकारी नियम बाजूला सरकला, त्याची फारशी चर्चा झाली नाही. कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्यांना दूरसंचार विभागाकडे ‘इतर सेवा पुरवठादार’ म्हणून नोंदणी करावी लागे. त्यांना आपल्या माणसांना घरून काम करू द्यायचं असेल तर एक कोटी रुपयांची अनामत ठेवण्याची अट होती. १३ मार्च २०२० रोजी विभागाने ही अट तात्पुरती उठवली, आणि नोव्हेंबरमध्ये नवे नियम आणून सगळी नोंदणीच मोडीत काढली.

अटीमागचा हेतू काहीही असो, तिच्यात एक गृहीतक होतं. काम ऑफिसात होतं. घरून होणारं काम हा अपवाद, आणि अपवादाला तारण लागतं. कंपन्यांच्या संगणकांची सुरक्षाही याच गृहीतकावर उभी होती. ते काही आठवड्यांत कोसळलं. त्यानंतर जगभर ज्या चोऱ्या झाल्या त्यांचे तपास-अहवाल, न्यायालयीन कागदपत्रं आणि कंपन्यांची स्वतःची निवेदनं मी गेली काही वर्षं जमवून वाचतो आहे. त्यांत तांत्रिक भाग पुष्कळ असतो. पण तो बाजूला सारला की खाली बहुतेक वेळा एक जुना, जवळजवळ घरगुती प्रश्न उरतो: पलीकडे कोण आहे, हे ओळखायचं कसं?

जुन्या पद्धतीचं कंपनीचं जाळं वाड्यासारखं असे. बाहेर भक्कम भिंत, एक दिंडी दरवाजा, दरवाजावर पहारा. संगणकाच्या भाषेत ही भिंत म्हणजे फायरवॉल. आत आलेल्याला मात्र फारसं कुणी विचारत नसे. पगारपत्रकाचा सर्व्हर, प्रिंटर, सामायिक फाइली हे सगळे एकमेकांना ओळखीचं धरून चालत; आत आहे तो आपलाच, असा हिशेब. घरून काम करणाऱ्यासाठी या वाड्याला व्हीपीएन नावाचं भुयार जोडलं गेलं. त्यातून जाणारी माहिती कुलूपबंद असते, वाटेत कुणाला वाचता येत नाही, हे खरं. पण भुयाराचं दुसरं तोंड कर्मचाऱ्याच्या घरात उघडतं, आणि तिथून जो शिरेल तो थेट वाड्याच्या चौकात निघतो. भुयार शिरणाऱ्याची फक्त खूण तपासतं. चेहरा त्याला दिसत नाही.

भिंतीपेक्षाही एक मोठी गोष्ट ऑफिसातच राहून गेली. ऑफिसात माणसं एकमेकांना फुकटात ओळखत असत. त्यासाठी वेगळी यंत्रणा नव्हती. गेटवरचा वॉचमन चेहरा ओळखे, चहा आणणाऱ्या पोऱ्याला कुणाला बिनसाखरेचा हे पाठ असे, आणि कुणी फोनवर ‘मी आयटीतून बोलतोय’ म्हणाला तर मान उंचावून पार्टिशनपलीकडे पाहता येई, की आयटीतला तो मुलगा खरंच फोनवर आहे का. ही ओळख कुठल्याही ताळेबंदात लिहिलेली नव्हती, म्हणून ती गेली तेव्हा कुणी तिची नोंदही केली नाही.

ती गेल्याचा परिणाम सगळ्यात स्वच्छ दिसतो तो ट्विटरच्या प्रकरणात. १५ जुलै २०२० रोजी बराक ओबामा, जो बायडन, बिल गेट्स, इलॉन मस्क, अॅपल आणि उबर यांच्या खात्यांवरून एकाच धर्तीचे संदेश निघाले: बिटकॉइन पाठवा, दुप्पट करून परत देतो. हल्लेखोरांनी १३० खात्यांवर हात टाकला होता, ४५ खात्यांवरून संदेश पाठवले आणि १ लाख १८ हजार डॉलरहून अधिक किमतीचे बिटकॉइन लाटले. रक्कम फार मोठी नाही. पण अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीला चार महिने उरलेले असताना एका उमेदवाराच्या तोंडी हवं ते वाक्य घालता येत होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे प्रकार किती गंभीर होता ते कळतं. पकडलेल्यांतला मुख्य आरोपी फ्लोरिडातला सतरा वर्षांचा मुलगा निघाला.

न्यूयॉर्क राज्याच्या वित्तसेवा विभागाने त्या ऑक्टोबरमध्ये या प्रकरणाचा अहवाल काढला. मी वाचलेल्या अहवालांमध्ये हा मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो सामान्य वाचकाला कळेल असा लिहिलेला आहे. ट्विटरची सगळी माणसं मार्चपासून घरून काम करत होती. इतक्यांचा भार एकदम पडल्याने व्हीपीएन सारखं अडत होतं, आणि हे प्रत्येक कर्मचारी रोज अनुभवत होता. हल्लेखोरांनी नेमका हाच धागा पकडला. त्यांनी कर्मचाऱ्यांना फोन केले: आम्ही कंपनीच्या मदत कक्षातून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनची अडचण सोडवायची आहे, अमुक पत्त्यावर जाऊन लॉगिन करा. तो पत्ता कंपनीच्या खऱ्या पत्त्यासारखा दिसणारा होता आणि पान तर हुबेहूब. कर्मचाऱ्याने तिथे नाव आणि पासवर्ड लिहिला की त्याच क्षणी हल्लेखोर तो खऱ्या पानावर भरत. खरी यंत्रणा मग नियमाप्रमाणे कर्मचाऱ्याच्या फोनवर विचारी, की आत येणारे तुम्हीच ना? कर्मचारी खरोखरच आत जायच्या प्रयत्नात असल्यामुळे काहींनी ‘हो’ म्हटलं.

पहिल्यांदा फसलेल्यांकडे खाती ताब्यात घ्यायचे अधिकार नव्हतेच. त्यांच्या नावाने आत शिरून हल्लेखोरांनी कंपनीची अंतर्गत पानं वाचली, कामाची पद्धत समजून घेतली, आणि मग ज्यांच्याकडे अधिकार होते त्यांना फोन केले. या दुसऱ्या फोनच्या वेळी त्यांना कंपनीतल्या माणसासारखं बोलता येत होतं. कंपनीला डिसेंबर २०१९पासून माहिती-सुरक्षेचा प्रमुखच नव्हता, असंही अहवाल सांगतो.

इथे थोडं थांबून त्या फोनवरच्या ‘हो’कडे पाहायला हवं. पासवर्डच्या जोडीला दुसरी खूण मागायची पद्धत आपल्याला बँकेच्या ओटीपीमुळे घरोघर ठाऊक आहे. ती चांगली आहे. नुसत्या पासवर्डपेक्षा कितीतरी चांगली. पण तिच्यात एक भाबडेपणा आहे. ओटीपीला आपण तो कुठल्या पानावर लिहितोय याच्याशी देणंघेणं नसतं. खऱ्या पानावर लिहा, खोट्या पानावर लिहा, किंवा फोनवर वाचून दाखवा. मुदत संपायच्या आत ज्याच्या हाती पडेल त्याचा तो. यावरचा उपाय म्हणजे सुरक्षा-किल्ली, पेन ड्राइव्हएवढी एक वस्तू. प्रत्येक संकेतस्थळाच्या पत्त्यासाठी ती वेगळं गुपित वापरते, आणि ब्राउझर तिला समोरचा खरा पत्ता सांगत असतो. पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी तिच्याकडे त्या पत्त्यासाठी उत्तरच नसतं. माणूस फसतो, किल्लीला फसायची सोयच नाही. गूगलने २०१७च्या सुरुवातीपासून आपल्या ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या. पुढच्या वर्षी कंपनीने जाहीर केलं, की तेव्हापासून कामाचं एकही खातं पळवलं गेल्याची नोंद नाही. हल्ली फोनमध्ये ‘पासकी’ नावाने जे येतं ते याच तत्त्वावर चालतं, आणि त्याला वेगळा खर्च नाही. घरून काम करणाऱ्यांच्या कंपनीने एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी, असं माझं मत आहे.

दुसरी खूण मुळातच नसली तर काय होतं, ते कलोनिअल पाइपलाइनने दाखवलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी सुमारे ४५ टक्के इंधन या एका कंपनीच्या ८,८०० किलोमीटरहून लांब नळातून जातं. ७ मे २०२१ रोजी खंडणीखोरांनी कंपनीचे संगणक कुलूपबंद केले आणि कंपनीने नळ बंद केला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी दिली गेली, त्यातले ६३.७ बिटकॉइन न्याय खात्याने पुढे परत मिळवले. चोर आत आले होते ते एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. ते खातं वापरात नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं, आणि त्याला दुसरी खूण लावलेली नव्हती. तोच पासवर्ड नंतर चोरीच्या पासवर्डांच्या एका ढिगात आढळला. कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटसमोर सांगितलं, की पासवर्ड सोपा नव्हता, चांगला गुंतागुंतीचा होता. असेल. पण दुसरीकडे कुठे उघडा पडलेला गुंतागुंतीचा पासवर्ड हा गल्लीत पडलेल्या किल्लीसारखा असतो. तिचे दाते किती नाजूक आहेत याला अर्थ उरत नाही.

आणि घर? लास्टपास ही कंपनी लोकांचे पासवर्ड सांभाळायचाच धंदा करते. २०२२मध्ये हल्लेखोरांनी तिच्या एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकाला लक्ष्य केलं. ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती ज्या गुप्त किल्ल्यांनी उघडतात, त्यांच्यापर्यंत कंपनीतल्या फक्त चार जणांना पोचता येत होतं. हा त्यांतला एक. त्याच्या घरच्या संगणकावर सिनेमे आणि गाणी साठवायचा प्लेक्स नावाचा एक प्रोग्रॅम होता, आणि त्याची आवृत्ती जुनी होती. त्यातलं भोक बुजवणारी दुरुस्ती मे २०२०मध्येच निघालेली होती. ती बसवली गेली नव्हती. त्या वाटेने आत येऊन चोरांनी कळफलकावर उमटणारी प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्रॅम बसवला. अभियंत्याने रीतसर दुसरी खूण देऊन लॉगिन केलं, मुख्य पासवर्ड टाइप केला, आणि तो टिपला गेला. कुलूप उत्तम, किल्ली उत्तम, फक्त खांद्यावरून कुणी तरी पाहत होतं.

या प्रकरणात सगळ्यांनी अभियंत्याला धारेवर धरलं. मला तो प्रश्न वेगळा वाटतो. ज्या यंत्रावर घरातले लोक सिनेमे पाहतात त्या यंत्रावरून कंपनीच्या तिजोरीची किल्ली फिरवता येते, हे कंपनीनेच चालू दिलेलं होतं. घराचा संगणक घरासारखाच असणार. त्याला ऑफिसासारखं वागायला लावायचं तर ऑफिसने वेगळा संगणक द्यावा. उलट बाजूने, सल्ले देणाऱ्या पत्रकांमध्ये कॉफी शॉपमधल्या फुकट वायफायचा जो बागुलबुवा असतो तो मला फार फुगवलेला वाटतो. आता बहुतेक सगळी वाहतूक मुळातच कुलूपबंद असते. या लेखातल्या एकाही चोरीत चोर कॉफी प्यायला बसलेला नव्हता.

भिंतीवर विसंबू नका, हे जाणकारांनी खूप आधी सांगून ठेवलं होतं. फॉरेस्टर या संस्थेतल्या जॉन किंडरवॅग यांनी २०१०मध्ये ‘शून्य विश्वास’ ही कल्पना मांडली: आत आहे म्हणून कुणाला आपलं समजू नये, प्रत्येक दारावर प्रत्येक वेळी ओळख तपासावी. गूगलवर २००९मध्ये चीनमधून मोठा हल्ला झाला, त्यानंतर त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी व्हीपीएनशिवाय चालणारी अशी रचना उभारली आणि २०१४मध्ये तिच्यावर निबंध छापला. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२०मध्ये याच विचाराचा आराखडा प्रसिद्ध केला. तंत्र म्हणून ते बरोबर आहे. नाव मात्र दुर्दैवी. ऑफिसात ते उच्चारलं की माणसांना वाटतं, आपल्यावर विश्वास नाही. आणि काही मालकांनाही नेमका हाच अर्थ आवडतो, त्याबद्दल पुढे.

या साऱ्या उपायांमध्ये ओळख एकाच दिशेने तपासली जाते. कंपनी कर्मचाऱ्याला विचारते: तू कोण? पासवर्ड, ओटीपी, किल्ली, चेहरा, बोटाचा ठसा. कर्मचाऱ्याने कंपनीला ‘आपण कोण?’ असं विचारायची सोय मात्र फारशी कुठे नसते. ट्विटरच्या कर्मचाऱ्यांची अडचण तीच होती. मदत कक्षातून बोलतोय म्हणणारा खरंच मदत कक्षातला आहे का, हे तपासायचा ठरलेला मार्ग त्यांच्या हाती नव्हता. आपल्याकडे ही अडचण दुप्पट होते, कारण आपल्याकडे साहेब असतो.

सप्टेंबर २०२२मध्ये पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकाला अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सअॅपवर संदेश आले: अमुक खात्यांवर ताबडतोब पैसे पाठवा. कंपनीने १ कोटी १ लाख रुपयांहून अधिक रक्कम पाठवली. पूनावालांनी असा संदेश पाठवलाच नव्हता, हे नंतर उघड झालं. यात संगणक कुठेच फोडलेला नाही. एवढ्या मोठ्या, जगाला लस पुरवणाऱ्या कंपनीत वरून आलेला आदेश तपासून पाहायचं राहून गेलं. याच पद्धतीने लहान कंपन्यांच्या अकाउंटंटना रोज संदेश येत असतात. डीपीवर मालकाचा फोटो, मजकूर तुटक आणि घाईचा: मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, आधी पेमेंट करा. ‘फोन करू नका’ हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. मालक शेजारच्या केबिनमध्ये असता तर ते चाललंच नसतं.

हाँगकाँगमध्ये २०२४च्या सुरुवातीला या प्रकाराची पुढची पायरी दिसली. अरूप या जगप्रसिद्ध अभियांत्रिकी कंपनीच्या तिथल्या कर्मचाऱ्याला लंडनहून वित्तप्रमुखांच्या नावाने गुप्त व्यवहाराबद्दल ईमेल आलं. त्याला आधी शंका आली होती. मग त्याला व्हिडिओ कॉलवर बोलावलं गेलं. तिथे वित्तप्रमुख होते, ओळखीचे सहकारीही होते, आवाजही त्यांचेच. त्याची शंका मिटली आणि त्याने १५ हप्त्यांत २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे सगळे चेहरे संगणकाने बनवलेले होते. खरा माणूस तो एकटाच. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, हा पुरावाही आता पडद्यावर चालत नाही.

मग काय चालतं? उत्तर जुनंच आहे, आणि कंटाळवाणं. ज्या वाटेने आदेश आला त्या वाटेने खात्री करू नये. आलेला फोन ठेवावा आणि आपल्याकडे आधीपासून लिहून ठेवलेल्या नंबरवर उलटा फोन करावा. संदेशात दिलेल्या नंबरवर नव्हे. खाते क्रमांक बदलला असेल तर दोन माणसांनी दोन वेगळ्या मार्गांनी विचारावं. याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. याला लागतं ते अकाउंटंटला ‘साहेब, तुम्हीच पाठवलंत ना?’ असं विचारता येणं, आणि विचारल्यावर ओरडा न बसणं. रात्री गडाचा दरवाजा राजासाठीसुद्धा न उघडणाऱ्या पहारेकऱ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते; गावोगाव ती निरनिराळ्या नावांनी सांगतात. तिला कागदोपत्री आधार किती, हा वेगळा विषय. मला तिच्यात रस आहे तो शेवटच्या भागात: सकाळी राजा त्याला बक्षीस देतो. आपल्या बहुतेक ऑफिसांत सकाळी त्याला मेमो मिळेल.

ओळखीचा घोळ उलट्या बाजूनेही होतो. ज्याला कंपनीने कधी प्रत्यक्ष पाहिलंच नाही असा माणूस नोकरीला लागू शकतो. उत्तर कोरियाचे संगणक-कामगार दुसऱ्यांच्या नावावर अमेरिकी कंपन्यांत घरबसल्या नोकऱ्या करतात आणि पगार सरकारजमा होतो, असा इशारा अमेरिकी सरकारने मे २०२२मध्ये दिला होता. जुलै २०२४मध्ये नोबीफोर या कंपनीने स्वतःच जाहीर केलं, की आपणही त्यात सापडलो. चार व्हिडिओ मुलाखती झाल्या, पूर्वचौकशी झाली, अर्जावरचा फोटो संगणकाने सुधारलेला होता आणि ओळख एका खऱ्या अमेरिकी माणसाची चोरलेली. कंपनीने पाठवलेला संगणक हाती पडताच त्यावर घातक प्रोग्रॅम चढवायला सुरुवात झाली, आणि अर्ध्या तासाच्या आत कंपनीच्या सुरक्षा पथकाने तो तोडला. या कंपनीचा धंदा कोणता? फसवणूक कशी ओळखावी याचं प्रशिक्षण देण्याचा. तिने हे लपवलं नाही, याबद्दल मला तिचं कौतुक वाटतं.

हे संगणक अमेरिकेतच आहेत असं भासवायला मध्यस्थ लागतात. अॅरिझोनातल्या एका बाईच्या घरी ९०हून अधिक लॅपटॉप फळ्यांवर ओळीने चालू स्थितीत सापडले, प्रत्येकावर कंपनीच्या नावाची चिठ्ठी. तिच्यामार्फत ३०९ अमेरिकी कंपन्यांत अशी माणसं कामाला होती आणि १ कोटी ७० लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळवली गेली. जुलै २०२५मध्ये तिला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. पुण्याला हा देश परका नाही. ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले, तो हल्ला संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने उत्तर कोरियाशी जोडला होता. तेव्हा त्यांना बँकेच्या यंत्रणेत बाहेरून शिरावं लागलं. आता पत्र देऊन आत बोलावलं जातं, आणि लॅपटॉपही कुरियरने येतो.

अशा बातम्या आल्या की काही मालक कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवणारे प्रोग्रॅम विकत घेतात. दर काही मिनिटांनी पडद्याचं चित्र टिपायचं, माउस हलतोय का पाहायचं. याला सुरक्षा म्हणणं मला मान्य नाही. माउस हलवत ठेवणारं यंत्र बाजारात मिळतं. चोर ते पहिल्या दिवशी घेतो. आणि टिपलेल्या चित्रांचं काय होतं? एप्रिल २०२५मध्ये वर्ककम्पोझर नावाच्या अशाच एका प्रोग्रॅमने गोळा केलेली २ कोटी १० लाखांहून अधिक पडद्यांची चित्रं इंटरनेटवर कुलुपाविना पडलेली आढळली. त्यांत कर्मचाऱ्यांची ईमेलं, गप्पा, पासवर्ड, सगळं. पहारेकऱ्यानेच घरातल्या सामानाची यादी चौकात लावावी तसं. मायक्रोसॉफ्टनेही २०२०च्या अखेरीस कर्मचारीवार कामाचे गुण दाखवणारी सोय काढली होती आणि टीका होताच त्यातली माणसांची नावं काढून टाकली.

मोठ्या कंपन्यांकडे निदान या कामाला नेमलेली माणसं असतात. पुण्याच्या पेठांमधल्या सीएंची, छोट्या एक्स्पोर्टरांची, ट्रॅव्हल एजंटांची ऑफिसं पाहिली तर चित्र वेगळं दिसतं. टॅली ऑफिसातल्या एका मशीनवर असतं. मॉनिटर बंद, मशीन चालू, वर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी. घरून काम करणारे एनीडेस्कने त्यावर येतात. सगळ्यांना एकच पासवर्ड, बहुधा फर्मचं नाव आणि वर्ष. आर्टिकलशिप संपवून गेलेल्या मुलांनाही तो पाठ असतो. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नका, असं अमेरिकी मानक संस्थेने २०१७मध्येच सांगितलं आहे, कारण त्याने लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. पण माणूस गेला की त्याची वाट त्याच संध्याकाळी बंद करायलाच हवी; तिथे कलोनिअल आणि सदाशिव पेठ यांत फरक नाही. त्याहून वाईट म्हणजे विंडोजची दूरस्थ डेस्कटॉपची वाट थेट इंटरनेटवर उघडी ठेवणं. अशी उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात. त्यांना तुमची फर्म छोटी आहे हे कळत नाही.

या ऑफिसांना परवडेल असं बरंच आहे. प्रत्येकाचं वेगळं खातं, ईमेलला आणि दूरच्या प्रवेशाला पासकी किंवा निदान दुसरी खूण, उघडी डेस्कटॉपची वाट बंद, आणि टॅलीच्या डेटाची एक प्रत अशा डिस्कवर जी काम झालं की मशीनपासून काढून कपाटात जाते. खंडणीखोरांचा प्रोग्रॅम जोडलेल्या डिस्कही कुलूपबंद करतो. कपाटापर्यंत त्याचा हात पोचत नाही.

कायदा आता छोट्यांनाही सोडत नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सहा तास हा आकडा दिसायला तांत्रिक आहे, पण त्याचं भवितव्य एका घरातल्या टेबलावर ठरतं. संध्याकाळी सात वाजता चुकीच्या पानावर पासवर्ड लिहिला गेला, हे कळलेली मुलगी कुणाला सांगते? ऑफिसात असती तर शेजारणीला म्हणाली असती, ‘अगं, हे बघ काय झालं.’ घरी ती एकटी असते. मागच्या वेळी ज्याने सांगितलं त्याच्या पगारातून पैसे कापले, हे तिला माहीत असतं. ती रात्रभर थांबते, काही होत नाही अशी आशा करते, आणि चोराला पूर्ण रात्र मिळते.

पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला ती कळवली जाते आणि तिथे जी रक्कम शिल्लक सापडेल ती रोखून धरता येते. पुढच्या खात्यात गेली असेल तर पुढच्या बँकेला कळवलं जातं. चोर रक्कम तोडून खात्यांमागून खात्यांत हलवत असतात, त्यामुळे पहिल्या तासात केलेल्या फोनची किंमत दुसऱ्या दिवशीच्या फोनपेक्षा कितीतरी जास्त. हा फोन करायला अकाउंटंटला साहेबांची परवानगी लागू नये, असं नेमणुकीच्या पत्रातच लिहून देता येतं. एका ओळीचं काम आहे.